ऐतिहासिक ‘कोझी’ रहस्यकादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कोझी’ म्हणजे नेमकं काय? खून आणि ऊब एका पुस्तकात कशी नांदतात?

कोझीत खून असतो, बरेचदा एकाहून जास्त. प्रश्न असतो तो लेखक खून कुठे ठेवतो याचा. प्रेत सापडतं, पण खून होताना सहसा दिसत नाही. रक्तपात, छळ आणि शय्यागृह पडद्याआड राहतात. तपास करणाऱ्याला दुसरा कामधंदा असतो: कुणी औषधं बनवतो, कुणी वकिली करतं, कुणी दुकान चालवतं. जागा लहान असते, मठ, खेडं, एखादी गल्ली, एखादा वाडा, आणि तिथे कुणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटी कुणी, कसं आणि का केलं याची उत्तरं मिळतात.

ही ऊब गुन्हेगार सापडल्यामुळे मिळते असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. गुन्हेगार तर अंगावर काटा आणणाऱ्या कादंबऱ्यांतही सापडतो. कोझीतली ऊब रोजच्या कामातून येते. कुणी मेलं तरी घंटा वेळेवर वाजते, पाव भाजले जातात, काढा उतू जाऊ नये म्हणून ढवळावा लागतो. खून हा त्या चालू दिवसात पडलेला खंड असतो आणि दिवस पुन्हा सुरळीत कसा होतो हे वाचक पाहत असतो.

जुनी रहस्यकादंबरी आणि ऐतिहासिक रहस्यकादंबरी यांत फरक काय?

१९३० साली लिहिलेली, १९३० सालातच घडणारी कादंबरी आज जुनी वाटते, पण ती ऐतिहासिक नव्हे. तिच्या लेखकाने आपलाच काळ लिहिला. लेखक आपल्या आधीचा काळ मुद्दाम उभा करतो तेव्हा ती ऐतिहासिक. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचं ‘हिस्टॉरिकल डॅगर’ नावाचं पारितोषिक आहे आणि त्यासाठी कथानक किमान ५० वर्षं मागचं असावं लागतं. रोजच्या वापराला ही रेषा पुरेशी आहे.

खुनाची गोष्ट इतिहासात नेऊन काय मिळतं? फक्त जुने कपडे आणि मेणबत्त्या?

या प्रकाराचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

इतिहास लेखकाच्या हातून सोयी काढून घेतो. आजच्या गोष्टीत मोबाइलचं लोकेशन, सीसीटीव्ही आणि डीएनए असतात. ते सगळं बंद पाडायला लेखकाला नेटवर्क घालवावं लागतं किंवा कॅमेरा बिघडवावा लागतो. बाराव्या शतकात काहीच बंद पाडावं लागत नाही.

सोयी कधी आल्या ते पाहा. आर्सेनिक ओळखणारी खात्रीची मार्श चाचणी १८३६ची. बोटांच्या ठशांचा विभाग कोलकात्यात १८९७ साली सुरू झाला. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे सांगणारी चाचणी १९०१ची. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलिस दल १८२९चं. त्याहून मागे गेलात तर इंग्लंडात मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर हा अधिकारीसुद्धा ११९४ साली नेमला जाऊ लागला. म्हणजे ११४०च्या गोष्टीत प्रेत सापडलं तर तपासासाठी अशी वेगळी यंत्रणाच नाही. जो शहाणा आणि जवळ उभा, त्याने पाहायचं.

त्यामुळे हौशी शोधक तिथे घुसखोर वाटत नाही. आजच्या कोझीत बेकरीवालीने खुनाचा तपास केला की मनात शंका येतेच, पोलिस काय करतायत? जुन्या काळात ती शंका उठत नाही.

दुसरी गोष्ट, सोयी गेल्या की कामाचं ज्ञान पुढे येतं. औषधं बनवणारा वासावरून तेल ओळखतो. विणकर फाटलेल्या धाग्यावरून कापड कोणत्या मागावरचं ते सांगतो. पायाखालच्या चिखलात कुठल्या झाडाची पाकळी चिकटली हे बागेत राबणाऱ्यालाच कळतं. वाचकाला खुनापेक्षा हे जास्त गोड लागतं. कुणीतरी आपलं काम नीट जाणतं, आणि त्या जाणण्याला किंमत आहे.

तिसरी गोष्ट, त्या काळचे कायदे हेतू पुरवतात. वारसा कुणाला, लग्न कुणाशी, मठाला दिलेली जमीन परत मिळते का, चर्चमध्ये आश्रय घेतलेल्याला किती दिवस हात लावता येत नाही (इंग्लंडात हा आश्रय ४० दिवसांचा होता). आज खुनाला हेतू म्हणून लेखक पैसा आणि प्रेमप्रकरणावर येऊन थांबतो. तिथे एका गुंठ्याच्या हक्कावरून अख्खी कादंबरी उभी राहते. सातबाऱ्यावरून तीन पिढ्या न बोललेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सुरुवात कुठून करावी?

आमचं उत्तर एकच: ब्रदर कॅडफेल. लेखिका एलिस पीटर्स. हे टोपणनाव, खरं नाव ईडिथ पार्जेटर (१९१३ ते १९९५). इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात जन्मल्या, तिथेच राहिल्या. तरुणपणी औषधांच्या दुकानात मदतनीस होत्या आणि पुढे चेक भाषेतून अनुवादही केले. कॅडफेलच्या कुटीतल्या बाटल्या, मलमं आणि मापं इतकी हाताळल्यासारखी वाटतात ती त्या दुकानाची पुण्याई असावी.

पहिली कादंबरी १९७७ची, शेवटची १९९४ची, एकूण २० आणि शिवाय तीन कथांचं एक छोटं पुस्तक. गोष्ट घडते ११३७ ते ११४५ या काळात, श्रूजबरी गावच्या बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या मठात. मठ खरा आहे, १०८३ साली स्थापन झालेला. त्याचं चर्च आजही वापरात आहे. कॅडफेल काल्पनिक. मूळचा वेल्सचा, पहिल्या धर्मयुद्धात लढलेला, समुद्रावर फिरलेला, बायकांवर प्रेम करून चुकलेला, आणि चाळिशीच्या सुमारास स्वखुशीने मठात आलेला. आता साठीकडे झुकलाय आणि मठाची औषधी बाग सांभाळतो. लहानपणापासून मठात वाढलेल्या भिक्षूंना जे कळत नाही ते त्याला कळतं, कारण तो बाहेरून आलाय. आणि शिपायांना कळत नाही ते कळतं, कारण तो आत राहतो.

आता कुणी विचारेल, हे गाव म्हणजे पुण्याच्या श्रूजबेरी बिस्किटांचं का? हो, तेच. त्या बिस्किटांना नाव या गावावरून पडलं. सेव्हर्न नदीने तीन बाजूंनी वेढलेलं गाव आहे, आणि मठ पुलापलीकडे, वेशीबाहेर. पुस्तकांतली निम्मी येजा त्या पुलावरून चालते. रात्री गावाचा दरवाजा बंद झाला की कोण आत होतं आणि कोण बाहेर, यावर तपास फिरतो.

पुस्तकं क्रमानेच वाचायला हवीत का?

प्रत्येक रहस्य त्याच पुस्तकात संपतं, त्यामुळे मधलं एखादं उचललं तरी अडत नाही. पण माणसं वाढतात. मठाधिपती बदलतो, कॅडफेलचा मित्र ह्यू बेरिंगर हळूहळू जबाबदारीच्या पदावर चढतो, लग्नं होतात, मुलं होतात. तिसरं पुस्तक आधी वाचलंत तर दुसऱ्यात कोणावर संशय घ्यायचा नाही हे आपोआप कळतं आणि मजा जाते.

आमचा सल्ला असा. दुसऱ्या पुस्तकापासून सुरू करा, ‘वन कॉर्प्स टू मेनी’ (१९७९). राजा स्टीफनने ११३८ साली श्रूजबरीचा किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीला फासावर चढवलं, हा इतिहास. कादंबरीत मठाला त्या ९४ प्रेतांवर अंत्यसंस्कार करायला सांगितलं जातं, आणि कॅडफेल मोजतो तर भरतात ९५. कुणीतरी आपलं एक प्रेत राजाच्या प्रेतांत मिसळून टाकलंय. खून लपवायला इतकी चांगली जागा फार कमी लेखकांना सुचली. ते आवडलं तर मागे जाऊन पहिलं वाचा, मग तिसरं, आणि पुढे क्रमाने. सहावं, ‘द व्हर्जिन इन द आइस’, गाळू नका. विसाव्या पुस्तकाचा पाया त्यात आहे. आणि विसावं शेवटीच वाचा, कितीही मोह झाला तरी.

इंग्लंडचा इतिहास अजिबात माहीत नाही. अडेल का?

एवढं माहीत असलं की पुरे. राजा पहिला हेन्री याचा वारस मुलगा ११२० साली जहाज बुडून गेला. राहिली मुलगी मॉड. ११३५ साली हेन्री वारला आणि सरदारांनी मॉडला दिलेली शपथ बाजूला ठेवून तिच्या आतेभावाला, स्टीफनला, मुकुट घालू दिला. ११३९ साली मॉड सैन्य घेऊन उतरली आणि देश दोन तटांत फुटला. फेब्रुवारी ११४१ मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला, वर्ष सरायच्या आत सुटलाही. तडजोड व्हायला ११५३ उजाडलं.

ताराबाई आणि शाहू यांच्यातला वाद आठवला तर या परिस्थितीचा सूर लगेच सापडेल: दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आणि मधले सरदार आपापला हिशेब करतायत. कादंबऱ्यांत चांगली माणसं दोन्ही तटांत आहेत. त्यामुळे ‘शत्रूपक्षाचा म्हणून खुनी’ असं सोपं गणित कधीच चालत नाही.

मठाचे शब्द आणि वेळा डोक्यात राहत नाहीत. काय करावं?

पहिल्या दोन पुस्तकांपुरता एक कागद जवळ ठेवा आणि एवढंच लिहा. ॲबट म्हणजे मठाधिपती. प्रायर म्हणजे त्याच्या हाताखालचा दुसरा प्रमुख. इथला प्रायर रॉबर्ट मोठा मानी माणूस आहे आणि त्याच्या मागे याच मठातला खरा प्रायर आहे, ज्याने संत विनिफ्रेडच्या अस्थी ११३८ साली वेल्समधून इथे आणल्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली. फोरगेट म्हणजे वेशीबाहेरची पेठ.

शेरीफ या शब्दाने फसू नका. मुंबईचा नगरपाल म्हणजेही शेरीफ, पण ते मानाचं पद. बाराव्या शतकातला शेरीफ म्हणजे परगण्यात राजाचा माणूस: वसुली, बंदोबस्त, तुरुंग, फाशी, सगळं त्याच्याकडे.

वेळ घड्याळावर नाही, प्रार्थनांवर चालते. मध्यरात्रीची मॅटिन्स, पहाटेची प्राइम, मधल्या सकाळची टर्स, दुपारची सेक्स्ट, तिसऱ्या प्रहराची नन, दिवेलागणीची व्हेस्पर्स आणि झोपण्यापूर्वीची कॉम्प्लिन. उजेडाचे भाग पाडून वेळ मोजत, म्हणून उन्हाळ्यात दोन प्रार्थनांमधलं अंतर मोठं आणि हिवाळ्यात लहान. इथे बरेच वाचक चुकतात. डिसेंबरच्या गोष्टीत ‘व्हेस्पर्सच्या आधी’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संध्याकाळचं ऊन येतं, पण तिथे अंधार पडत आलेला असतो. साक्षीदाराला चेहरा दिसला नाही तो का, याचं उत्तर कधीकधी फक्त महिन्यात दडलेलं असतं.

औषधं आणि विषं खरी असतात का?

बहुतेक खरी. तिसऱ्या पुस्तकाचं नावच एका विषारी झाडाचं आहे, ‘मंक्स हूड’ (१९८०). आपल्याकडचा बचनाग याच कुळातला. कॅडफेल त्याचं तेल सांधेदुखीवर वरून चोळण्यासाठी बनवतो आणि कुणीतरी तेच तेल ताटात घालतं. हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच कळतं, तेव्हा रहस्य फुटलं असं समजू नका. विषाचं तेल चोळायला चालतं आणि खायला नाही, एवढ्यावर कथा उभी आहे. प्रत्यक्षात बचनागातला विषारी अंश कातडीतूनही शोषला जातो, जखम असेल तर जास्तच. म्हणून पुस्तकात तेल लावल्यावर हात धुण्याची ताकीद येते ती उगीच नाही. आपल्या वैद्यकातही बचनाग शोधन, म्हणजे विषारीपणा उतरवण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत. पुस्तक वाचून घरी काही करून पाहण्याचा हा विषय नव्हे, हे सांगायला नको, तरी सांगतो.

झोपेसाठी कॅडफेल अफूच्या बोंडांचं सरबत देतो. ती विद्या पूर्वेकडून शिकून आलेली. किती थेंब दिले, बाटली कुठल्या फळीवर होती, कुटीला कुलूप होतं का, हे तो सांगतो तेव्हा लक्ष द्या. या मालिकेत फळीवरची जागा बदललेली बाटली म्हणजे पायाचा ठसा.

चाळीस पानं झाली, अजून कुणी मेलं नाही. पुस्तक सोडू का?

सोडू नका, पण वाचण्याची पद्धत बदला. आजच्या थरारकथेत पहिल्या पानावर प्रेत असतं. या प्रकारात प्रेत पंधरा-वीस टक्के पुस्तक उलटल्यावर आलं तरी उशीर नाही. तोवरच्या पानांत लेखक तीन कामं उरकतो: कोण कुठे राहतं, कोणाचं कोणाशी जमत नाही आणि रोजचा क्रम काय. नंतर मोडलेला क्रमच धागा देणार असतो. तो क्रम घाईत वाचला की शेवट ‘आकाशातून पडल्यासारखा’ वाटतो आणि दोष लेखकाच्या माथी जातो.

व्यवहारात असं करा. एका बैठकीत निदान दोन प्रकरणं वाचा. रोज पाच पानं वाचली तर नावं विसरतात, आणि मध्ययुगीन नावं तशीही एकसारखी: तीन रॉबर्ट, दोन विल्यम. इंग्रजी जड जात असेल तर वर्णनातले कपड्यांचे आणि वनस्पतींचे शब्द शब्दकोशात शोधत बसू नका. संवादात आलेली नाती आणि हुद्दे मात्र चुकवू नका. पुस्तकं अडीचशे पानांच्या आसपासची आहेत. पावसाळी शनिवार-रविवारी एक होतं.

ऑडिओबुक घेताना एक अडचण येते. वेल्श नावं कानाला पडतात वेगळी आणि छापली जातात वेगळी. Cadfael मधला f वेल्शमध्ये ‘व’सारखा उच्चारतात, तेव्हा वाचून दाखवणारा ‘कॅडवाइल’ म्हणाला तर तोच माणूस.

शोधकाच्या आधी आपल्याला खुनी ओळखता येतो का?

येतो, पण आजच्या सवयीने नाही. ‘सगळ्यात कमी संशय ज्याचा तोच’ ही युक्ती इथे वारंवार फसते, कारण चांगले लेखक खुन्यालाही माणूस म्हणून उभं करतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. या मृत्यूने कायद्याने कोणाचं काय बदललं? कामाच्या वेळी कोण कामावर नव्हतं? आणि कोणती वस्तू जिथे असायला हवी तिथे नाही?

पहिला प्रश्न सर्वात फळतो. श्रूजबरी सरहद्दीवर आहे. पलीकडे वेल्सचा वारसाहक्क वेगळा: बापाने मान्य केलेला अनौरस मुलगाही तिथे वाटेकरी, इंग्लंडात नाही. सरहद्द ओलांडली की माणसाचा हक्क बदलतो. हे कुठल्या पुस्तकात कामाला येतं ते आम्ही सांगणार नाही.

जज डी मालिका कोझी आहे का?

अर्धी. मालिकेचे लेखक रॉबर्ट फान ग्युलिक (१९१० ते १९६७) हे डच मुत्सद्दी आणि चिनी विद्येचे पंडित. काही काळ दिल्लीतही होते. त्यांनी आधी अठराव्या शतकातली एक चिनी न्यायकथा भाषांतरित केली आणि मग त्याच नायकावर स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या. नायक खरा: डी रेनजिये, तांग राजवटीतला, सातव्या शतकातला अधिकारी.

इथला न्यायाधीश म्हणजे जिल्ह्याचा सर्वाधिकारी. तपास त्याचा, खटला त्याच्यापुढे, निकाल त्याचाच. एकाच वेळी तीन प्रकरणं चालतात आणि शेवटी त्यांच्या गाठी एकमेकींत अडकलेल्या दिसतात. जुन्या चिनी गोष्टींत गुन्हेगार बरेचदा सुरुवातीलाच सांगून टाकत. फान ग्युलिकनी तेवढं बदललं आणि बाकी घाट ठेवला. चित्रंही त्यांचीच.

पण कबुलीशिवाय शिक्षा देता येत नाही हा तिथला नियम, आणि कबुलीसाठी मारहाण कायदेशीर. चौकटीत फटके आणि शिरच्छेद आहेत. ऊब शोधत असाल तर हा नंबर दोनचा पर्याय. बुद्धीची कसरत शोधत असाल तर पहिला. एक गंमत: गोष्टी तांग काळातल्या, पण रीतिभाती आणि पोशाख बऱ्याच नंतरच्या मिंग काळातले आहेत. लेखकाने हे स्वतः सांगून ठेवलंय, म्हणून ती चूक नव्हे, निवड.

मुंबईत घडणारं काही आहे का?

आहे, आणि उत्तम आहे. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री मालिका, २०१८ पासून. १९२१ची मुंबई, वडिलांच्या पेढीत काम करणारी पारशी वकील मुलगी. पहिल्या पुस्तकात मलबार हिलवरच्या बंगल्यात पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आहेत. तिघींनी आपला वाटा धर्मादायाला देत असल्याच्या कागदावर सह्या केल्या आहेत आणि त्या सह्यांवरून परवीनला शंका येते. पुरुष वकील किंवा पोलिस जनान्यात जाऊच शकत नाही. म्हणजे काळाच्या बंधनानेच तपास तिच्या हाती दिला. असा सांधा जुळला की ऐतिहासिक रहस्यकथा जमली म्हणावी.

या पात्रामागे खऱ्या बायका आहेत. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरल्या आणि पुढे पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटींचं काम वर्षानुवर्षं केलं. बायकांना वकिलीचा दरवाजा उघडणारा कायदा आला १९२३ साली. म्हणून १९२१ची परवीन कागद बनवू शकते, सल्ला देऊ शकते, पण न्यायालयात उभी राहून बोलू शकत नाही. कथेतली बरीचशी धुसफूस तिथूनच येते.

दुसरं पुस्तक सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडतं, तिसरं नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला आणि दंगली उसळल्या त्या दिवसांत. क्रमाने वाचा, परवीनच्या खासगी आयुष्याचा धागा पुढे चालतो. पहिल्या पुस्तकाच्या भारतीय आणि अमेरिकी आवृत्त्यांची नावं वेगवेगळी आहेत, तेव्हा दोन पुस्तकं समजून एकच दोनदा घेऊ नका.

याच शहरावर नेव्ह मार्च आणि वसीम खान यांनीही लिहिलंय. मार्च यांची पहिली कादंबरी १८९१ साली राजाबाई टॉवरवरून पडून झालेल्या दोन पारशी तरुणींच्या मृत्यूंवर बेतलेली आहे. ती कोझीपेक्षा साहसकथेकडे झुकते. खान यांची नायिका पोलिसात आहे, काळ १९४९च्या अखेरचा.

पुस्तक फसलंय हे लवकर कसं ओळखायचं?

पहिली खूण जीभ. नायिका १८५०ची, पण बोलते आजच्या समुपदेशकासारखी. लेखकाला जुना काळ हवा असतो पण जुनी मनं नको असतात, म्हणून चांगली पात्रं आजच्या मतांची आणि वाईट पात्रं तेवढी त्या काळच्या मतांची होतात. मग खुनी कोण हे शंभराव्या पानावरच कळतं. कॅडफेलही थोडा आपल्या काळाकडे झुकलेला आहे, हे मान्य. पण त्याच्या उदारपणाला कारण दिलंय, तो जग फिरलाय.

दुसरी खूण ताट. १४९२च्या, म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोचण्याच्या, आधीच्या युरोपात बटाटा, टोमॅटो किंवा मका दिसला तर पुस्तक मिटा. आपल्याकडेही तेच: यादवकाळातल्या जेवणात हिरवी मिरची आली तर लेखकाने चौकशी केलेली नाही, तेव्हा तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. घासून पेटणारी काडी १८२६च्या सुमाराची, त्याआधी गारगोटी आणि चकमक. अंधारात ‘झटकन दिवा लावला’ असं आलं की तो प्रसंग मोडतो, कारण दिवा लागायला वेळ जात असे आणि तेवढ्या वेळात माणूस पळून जाई.

तिसरी, माहितीचा ढीग. दोन पात्रं एकमेकांना ठाऊक असलेलाच इतिहास एकमेकांना सांगतात. एखाद्या वेळी माफ करा, तिसऱ्यांदा नाही.

टीव्ही मालिका पाहिली तर पुस्तकं वाचायची गरज आहे का?

कॅडफेलची मालिका १९९४ ते १९९८ दरम्यान आली, १३ भाग, डेरेक जॅकोबी मुख्य भूमिकेत, चित्रीकरण मुख्यतः हंगेरीत. काम छान आहे. पण भाग पुस्तकांच्या क्रमाने नाहीत आणि काही ठिकाणी कथानक बरंच बदललंय. आधी पुस्तक, मग भाग. उलटं केलंत तर खुनी कळतो आणि बाग मात्र दिसत नाही.

मराठीत असं लिहायचं असेल तर कुठे पाहावं?

मराठीत ऐतिहासिक कादंबरी भरपूर आहे आणि रहस्यकथाही, बाबूराव अर्नाळकरांची एकट्यांची पुस्तकं हजाराच्या घरात जातात. पण पहिली लढाया आणि गाद्यांमागे गेली, दुसरी आपल्याच काळातल्या शहरात रमली. दोघींच्या मधला पट्टा बराचसा पडीक आहे.

गावगाडा घ्या. कॅडफेलच्या मठाइतकीच ती बंद आणि एकमेकांवर टेकलेली जागा. परटिणीला डाग सगळ्यांच्या आधी दिसतो. न्हाव्याला मानेवरचा ओरखडा दिसतो. कुलकर्ण्याला दप्तरातला खाडाखोड केलेला आकडा. खुनाचा तपास यांच्यातल्या कुणीही करावा. पाटलाने तेवढा करू नये, कारण त्याच्या हाती सत्ता आली की कोझी संपतं.

शहर हवं तर पेशवाईतलं पुणं. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडेल त्याला कोतवालाची माणसं धरत, म्हणजे श्रूजबरीच्या बंद दरवाजाचं काम इथे तोफ करते. कागदांतले धागे तर फुकट पडलेत. पत्र संपलं की खाली मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, त्यापुढे लिहिलेला मजकूर बनावट. लांब कागद चिकटवून जोडलेला असेल तर सांध्यावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलला की शिक्का जुळत नाही. त्या काळच्या कागदांवरच्या शुहूर सनाचं वर्ष मृगाला बदलतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. बनावट दस्त करणाऱ्याने पाडव्यालाच वर्ष बदललं तर तो तिथेच पकडला गेला. निवाड्याला गोतसभा, म्हणजे गावच्या जाणत्यांची बैठक, आहे, आणि उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचं रवादिव्यही. ते पडद्याआड ठेवा, नाहीतर ऊब जाईल.

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत, बहुतेक मोडीत. मोडी वाचता येत नसेल तर छापील निवडीपासून सुरुवात करा, आणि राजकारणाचे खंड बाजूला ठेवून न्यायनिवाड्याचे, वतनाच्या भांडणांचे आणि खर्चाच्या यादीचे कागद आधी काढा. खर्चाच्या यादीत वाती किती, तेल किती शेर, वैद्याला काय दिलं हे सगळं मिळतं, आणि एखाद्या महिन्यात तेल अचानक दुप्पट का लागलं हा प्रश्नही.